मेडिकलच्या आधीचं

ईट गावात ‘मेडिकल’ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते, स्टँडसमोरचं शिवशंकरचं औषधांचं दुकान. ताप आला की मेडिकलात जायचं, मेंढरांना जंत झाले की मेडिकलात जायचं, आणि मोबाईलवर इंग्रजीत काही आलं तर तेही वाचून घ्यायला मेडिकलातच जायचं. शिवशंकर गोळ्याही देतो आणि अर्थही सांगतो. गोळ्यांचे पैसे घेतो, अर्थाचे घेत नाही.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बिभीषण तिथं गेला तो जंताच्या औषधाचं निमित्त करून. खरं कारण सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलं होतं. समृद्धीच्या, म्हणजे त्याच्या पोरीच्या विद्यापीठाकडून कागद आला होता, वसतिगृहात येताना काय काय आणायचं त्याची यादी. यादी इंग्रजीत होती. पोरीला सांगितलं असतं तर तिनं दोन मिनिटांत वाचून दाखवली असती. पण घरी ऐकायला एक बायको आणि दोन कुत्री. मेडिकलात कायम चार माणसं असतात. बिभीषण तसा फुशारक्या मारणारा गडी नव्हे. पण सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा फुशारकी मारण्यासारखं काहीतरी हाताला लागलं होतं, आणि ते मेंढरांना सांगून काही उपयोग नव्हता.

स्टँडवर तर त्याची गरजही राहिली नव्हती. तिथं परवाच मोठा फ्लेक्स लागला होता. समृद्धीचा दहावीतला फोटो, बाजूला हात जोडलेले सरपंच रणधीर पोरीच्या दुप्पट आकाराचे, आणि खाली लाल अक्षरांत, ‘ईटची पहिली माणसांची डॉक्टर’. यातला ‘माणसांची’ हा शब्द रणधीरच्या मजकुरात नव्हता. तो बिभीषणनं स्वतः सांगून घालायला लावला होता.

त्याला कारण होतं. बिभीषणची मेंढरं. आजा मेंढरांमागं, बाप मेंढरांमागं, आणि हाही. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पाऊसकाळाला परत यायचं. पायांत चप्पल जाड आणि अंगाला वास कायमचा. त्या वासाचं त्याला स्वतःला काही नव्हतं, पण दोन वर्षांमागं तालुक्याच्या गावी, भूमला, समृद्धीचा दहावीचा सत्कार झाला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि दोन खुर्च्या सोडून जाऊन बसली. समृद्धी समोरच उभी होती. तिनं पाहिलं, आणि तिनं पाहिलंय हे बिभीषणनं पाहिलं. तेव्हापासून त्याच्या मनानं एक घेतलं होतं, पोरीचा आणि जनावराचा संबंध तोडायचा. तसं तो आधीपासूनच तिच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून ‘शेती’ लिहायला लावत असे. शेती होती म्हणायला, दीड एकर, तीही दगडाची.

मग समृद्धीनं डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा दिली. मार्क चांगले पडले, पण एम.बी.बी.एस.ला कमी पडले. पहिल्यांदा जी यादी लागली त्यात तिचं नाव परभणीच्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात निघालं. घरात बातमी आली तेव्हा बिभीषण एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, म्हणजे जनावरांचा दवाखाना का. ती हो म्हणाली. तो म्हणाला, आमची हयात शेणामुतात गेली, आता बारावी शिकून तूबी तिथंच हात घालणार? समृद्धी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं त्यानं धरून चाललं. बाप लोकांची ही एक जुनी सोय आहे.

आणि त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला. निकिता नावाच्या मॅडम होत्या, बोलायला साखर. सर, तुमच्या मुलीसाठी आमच्याकडं प्री-मेडिकलची सीट आहे. बिभीषणला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. पण तो काही त्यावर भाळला नाही. त्यानं डोकं चालवलं. ‘प्री’ हा शब्द त्याला ओळखीचा होता. त्याच्या मोबाईलचं कार्ड प्रीपेड होतं, आणि प्रीपेड म्हणजे पैसे आधी, बोलणं मागून, हे कळपामागं फिरणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. तेव्हा प्री-मेडिकल म्हणजे पैसे आधी, मेडिकल मागून. सरकारी मेडिकल मार्कांवर, हे आधी भरलेल्या पैशांवर. मॅडमनंही बुकिंगचे पैसे आधीच मागितले, त्यामुळं त्याला शंकेला जागाच उरली नाही. पोरीला घेऊन तो जाऊन आला, सही करून आला, आणि परवा तिला तिथं कायमचं पोचवायचं होतं.

तर तो मेडिकलच्या काउंटरवर टेकला, औषध सांगितलं, आणि सहज आठवल्यासारखा कागद काढून पुढं केला. शिवशंकरनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. बादली, मग, दोन चादरी, पांढरा एप्रन एक, असं वाचत गेला. एप्रन म्हटल्यावर बिभीषणनं मागं वळून पाहिलं, ऐकायला कोण कोण आहे म्हणून. तीन माणसं होती. मग शिवशंकर कागदाच्या माथ्यावर गेला, तिथं कोर्सचं नाव होतं, आणि तिथं तो थांबला. त्यानं ते दोनदा वाचलं. हातातली औषधाची बाटली त्यानं हळूच काउंटरवर ठेवली आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही असा आवाज खाली आणला.

“नाना, हे एम.बी.बी.एस. न्हाय.”

बिभीषण म्हणाला की ते ठाऊक आहे, हे प्री-मेडिकल आहे. आणि त्यानं प्रीपेडचा हिशेब त्याला समजावून सांगितला. शिवशंकरच्या ओठांवर हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. हसण्यासारखी गोष्ट नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

“प्री म्हंजे आधी, हे तुमचं बराबर हाय नाना,” तो म्हणाला. “पण पैसं आधी न्हाय. मेडिकलच्याच आधीचं. मेडिकलला जायच्या आधी जे शिकत्यात, ते. चार वर्सं करायचं, बी.एस्सी. मिळती. त्याच्यानं डॉक्टर होता येत न्हाय. डॉक्टर व्हायचं तर त्याच्यावर पुन्ना नीटच द्यायची, जी तिनं आता दिलीया तीच.”

“आन पास झाली तर?”

“मंग पयल्या वर्षापासनं मेडिकल.”

बिभीषणनं मान हलवली. कळलं म्हणून नव्हे, ती सवय होती. कानांत दडे बसल्यासारखं झालं. मागची माणसं काहीतरी बोलत होती, त्यातलं एक अक्षर आत शिरेना. मेडिकलच्या आधीचं. त्याचं डोकं इतकं बधिर झालं होतं की त्यानं खरोखरच उजवीकडं वळून पाहिलं. स्टँडकडून येताना मेडिकलच्या आधी बलभीमचं पंक्चरचं दुकान लागतं. बलभीम उकिडवा बसून ट्यूब पाण्यात दाबत होता आणि बुडबुडा कुठं येतो ते बघत होता. चार वर्षं, बिभीषणच्या मनात आलं. पोरीला चार वर्षं मी इथं बसवलं असतं.

औषध तिथंच राहिलं. शिवशंकर मागून हाक मारत होता, बसा, पाणी घ्या. बिभीषण स्टँड ओलांडून चालायला लागला, आणि फ्लेक्सखालून जाताना त्यानं मान खाली घातली.

घरापर्यंतची वाट दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत त्याला एकाएकी सगळं आठवायला लागलं, आणि जे आठवलं त्यानं तो आणखीच हबकला. त्याला फसवलं होतं असं म्हणायचीही सोय नव्हती. विद्यापीठातल्या त्या गार खोलीत निकिता मॅडमनं समोर बसवून दहा मिनिटं सांगितलं होतं, शुद्ध मराठीत. चार वर्षांनी काय मिळेल, काय मिळणार नाही. पण त्या खोलीच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत प्लास्टिकचा एक आख्खा माणूस उभा होता, पोट उघडं, आतलं काळीज, फुप्फुस, आतडी सगळी रंगवलेली. बिभीषणनं मेंढरांची आतडी जन्मभर पाहिली होती, माणसाची पहिल्यांदाच पाहत होता. आपल्या पोरीचा हात इथून पुढं यात चालणार, या एका विचारानं तो भरून आला होता. मॅडम विचारत होत्या, काका, समजलं ना सगळं? आणि तो त्या प्लास्टिकच्या माणसाकडं बघत मान हलवत होता. समजलं, समजलं.

पण समृद्धी तिथंच बसली होती. तिचे कान तर शाबूत होते.

ती अंगणात बकेट पुढ्यात घेऊन कपडे पिळत होती. परवा न्यायचे म्हणून सगळेच कपडे धुवायला काढले होते. तिची आई महादेवी आत भाकरी थापत होती. बिभीषणनं चप्पल काढली नाही. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, प्री म्हंजे काय?

समृद्धीचा हात पिळता पिळता थांबला. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, आधीचं.

“तुला म्हाईत व्हतं?”

“व्हय.”

“मॅडम बोलली तवाच?”

“त्याच्याबी आधी. फोन आला तवाच म्या मोबाईलवर बघितलं व्हतं.”

बिभीषणला उंबऱ्यावर बसावं लागलं. मेडिकलात जे झालं तो धक्का होता, पण तो बाहेरच्या माणसानं दिलेला होता. हा घरातला होता. जी पोरगी त्याच्यापासून कधी काही लपवत नाही, ती इतके दिवस हे पोटात घेऊन फिरत होती, फ्लेक्ससाठी फोटो देत होती, धुणं धूत होती. आवाज चढला नाही त्याचा. विचारताना तो जवळजवळ कुजबुजलाच, मग बोलली का नाहीस.

महादेवी तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात आली होती. समृद्धीनं पिळलेला कपडा बकेटीच्या काठावर ठेवला.

“मला वाटलं, तुमाला कळलंय,” ती म्हणाली. “मॅडमनी मराठीत सांगितलं, तुमी समजलं म्हणालात, सही केलीत. मला वाटलं, सगळं कळून तुमी व्हय म्हणालात. पोरगी डॉक्टर न्हाय झाली तरी चालंल, चार वर्सं कशातबी गेली तरी चालंल, पण जनावरात नको. तुमाला इतकी लाज वाटती जनावरांची, असं वाटलं मला. मंग काय बोलू?”

कुणी काठी मारली असती तर बिभीषणनं ती चुकवली असती, हातात धरली असती. हे कुठं धरायचं ते त्याला कळेना. मागं मेंढरांच्या वाड्यात एक मेंढी ओरडत होती, कोकराला हाक मारल्यासारखी. महादेवी नवऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात दया नव्हती. तिनं एवढंच विचारलं की परभणीचं काय झालं, तुम्ही तर ते रद्द झालं म्हणून सांगितलंत.

तो म्हणाला, मी नको म्हणालो म्हणजे रद्दच.

“तसं रद्द होत न्हाय,” समृद्धी म्हणाली. “आपुन गेलो न्हाय, तर होतं. उद्या शेवटची तारीख हाय. पाच वाजेपत्तोर.”

उद्या. बिभीषण तिच्याकडं बघतच राहिला. विद्यापीठाला तूर्त नुसत्या झेरॉक्स दिल्या होत्या. मूळ कागद परवा न्यायचे होते. म्हणजे दाखला, मार्कमेमो, जातीचा कागद सगळं घरातच, पत्र्याच्या पेटीत होतं. म्हणजे ती रोज सकाळी उठत होती, तारीख बघत होती, आणि एक एक दिवस जाऊ देत होती. कुणाच्या तरी हाकेची वाट बघत, आणि ती हाक येणार नाही असं धरून. आज त्याला मेडिकलात जायची खुमखुमी आली नसती, तर परवा त्यानं स्वतःच्या हातानं तिला तिथं नेऊन सोडलं असतं, आणि येताना पेढे वाटले असते.

त्यानं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “तुला काय पायजे व्हतं, हे म्या इचारलंच न्हाय.”

समृद्धी म्हणाली, न्हाय इचारलं.

“आता इचारतोय.”

तिनं उत्तर लगेच दिलं नाही, आणि ते बरंच झालं; लगेच दिलं असतं तर बापाचं मन राखायला दिलं असं त्याला वाटलं असतं. ती वाड्याकडं बघत होती. म्हणाली, गेल्या साली पोटं फुगून चौदा मेंढरं मेली तेव्हा डॉक्टर तालुक्याहून दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी एक मेंढी चिरून दाखवली आणि सांगितलं, हे आदल्या दिवशी कळलं असतं तर बारा वाचली असती. तुम्ही तिकडं तोंड करून बसला होता. मी मात्र बघत होते. मी त्या दिवशीच ठरवलं होतं. एम.बी.बी.एस.चं तुमच्यासाठी म्हणत होते.

एवढं बोलून तिनं कपडा पुन्हा पिळायला घेतला. तो आधीच पिळून कोरडा झालेला होता.

आता अडचण उरली होती ती संध्याकाळची. चार वाजता ग्रामपंचायतीसमोर सत्कार होता. रणधीरनं मांडव घातला होता, हार आणले होते, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंही बोलावली होती, कारण जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आलेली. महादेवी म्हणाली, जाऊच नका, अंगात ताप आहे म्हणून सांगा. बिभीषणला ते पटलंही होतं. पण ताप उतरल्यावर काय सांगायचं, हे दोघांनाही सुचेना. शेवटी तो धुतलेला सदरा घालून गेला. समृद्धी बरोबर होती.

रणधीर पंधरा मिनिटं बोलला. आपल्या गावात डॉक्टर भरपूर आले आणि गेले, पण गावातून डॉक्टर जाण्याची ही पहिलीच वेळ, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं माईक बिभीषणच्या हातात दिला आणि दोन शब्द बोला म्हणाला. बिभीषणनं माईक काठीसारखा धरला, मुठीत, उभा. समोर शिवशंकर बसला होता. त्यानं मान खाली घातली. तो कुणाला काही बोलला नव्हता, हे बिभीषणच्या ध्यानात आलं आणि त्याला त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं.

“माझी चूक झाली,” बिभीषण म्हणाला. स्पीकरमधून आपलाच आवाज ऐकून तो दचकला, थांबला, पुन्हा बोलला. “ते प्री-मेडिकल मेडिकल न्हवं. त्याच्या आधीचं काय तरी हाय. मला कळलं न्हाय आन म्या कळलं म्हणालो. पोरगी तिकडं जाणार न्हाय. उद्या परभणीला जाणार हाय. ती जनावरांची डॉक्टर होणार हाय. तिचं नाव तिथं आधीच लागलंय, मार्कांवर. म्या ते तुमच्यापसनं दडवलं व्हतं.”

रणधीरच्या हातातला हार तसाच राहिला, घालावा की ठेवावा हे त्याला कळेना. मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, म्हणजे ढोरडॉक्टर, आणि एकदोघं फिसकन हसले. बिभीषणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इथंच त्याचा धीर सुटला असता. पण पुढच्या सतरंजीवर म्हातारे दगडोबा बसले होते, त्यांनी हात वर केला. दगडोबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात. त्यांनी विचारलं, किती वर्सं लागत्यात त्याला? समृद्धी म्हणाली, साडेपाच. दगडोबांनी थोडा विचार केला.

“लई होत्यात,” ते म्हणाले. “म्हशीला सांगतो दम धर म्हणून.”

आता मात्र सगळेच हसले, आणि हे हसणं वेगळं होतं. रणधीरनं त्या हसण्याच्या आडोशानं हार घालून टाकला. तरी सगळं गोड झालं असं नाही. बरीच माणसं चहा न घेताच उठली. जाता जाता एक पाहुणा रणधीरला विचारत होता की मग एवढा मांडव कशाला घातला.

सकाळी सहाच्या गाडीनं बाप-लेक निघाली. बुकिंगचे पैसे गेले ते गेले. स्टँडवर फ्लेक्स अजून होता. रात्रीतून कुणीतरी वर चढून ‘माणसांची’ या शब्दावर खाकी चिकटपट्टी मारून ठेवली होती. बलभीमच्या दुकानात असते तसली. आता नुसतं ‘ईटची पहिली डॉक्टर’ एवढंच वाचता येत होतं. गाडीत चढताना समृद्धीनं ते पाहिलं आणि बसल्यावर खिडकीकडं तोंड फिरवलं. ती हसत होती की आणखी काय, ते बिभीषणला दिसलं नाही.

बीडला गाडी बदलली. वाटेत त्यानं मनाशी एकच गाठ बांधली. आज कुणी काही विचारलं तर मान हलवायची नाही. कळेपर्यंत विचारायचं, माणूस वैतागला तरी विचारायचं.

परभणीला पोचायला दीड वाजला. कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात पोरापोरींची आणि आईबापांची रांग होती. बिभीषणनं आत शिरताना सवयीनं सदऱ्याचा वास घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं की वारा पलीकडच्या गोठ्यावरून येतोय आणि आख्ख्या व्हरांड्यालाच तो वास आहे. कुणीही नाकाला काही लावलेलं नव्हतं.

खिडकीपाशी त्यांचा नंबर आला तेव्हा तीन वाजत आले होते. आतल्या क्लार्कनं समृद्धीचा फॉर्म काढला. तिनं जूनमध्ये एकटीनं मोबाईलवर भरलेला. बिभीषणनं तो कधी पाहिला नव्हता. क्लार्क एक एक रकाना वाचत होता आणि पेनानं खूण करत होता. उमेदवाराचं नाव, बरोबर? बिभीषण म्हणाला, परत एकदा वाचा. क्लार्कनं वाचलं. जन्मतारीख, बरोबर? परत वाचा, सायेब. कोर्सचं नाव त्यानं तीनदा वाचायला लावलं, आणि किती वर्षांचा, शेवटी काय मिळतं, त्यानंतर आणखी कुठली परीक्षा तर नाही ना, हे सगळं विचारून घेतलं. मागची रांग चुळबुळायला लागली. काका, तुम्हाला ऐकू येत नाही का, असं क्लार्कनं विचारलं. येतं, बिभीषण म्हणाला, पण मागं एकदा चुकलंय. समृद्धीनं ओठ दाताखाली धरले होते.

क्लार्कनं सुस्कारा टाकला आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“वडिलांचा व्यवसाय, मेंढपाळ. बरोबर?”

बिभीषणला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. पहिलीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक कागदावर तिथं शेती होती. त्यानंच लिहायला लावली होती, दरवर्षी, न चुकता. त्यानं समृद्धीकडं पाहिलं. ती समोर खिडकीकडं बघत होती, सरळ, आणि तिचे कान लाल झाले होते. जूनमध्ये भरला होता हा फॉर्म. फोन येण्याच्या आधी, यादी लागण्याच्या आधी, त्या प्लास्टिकच्या माणसाच्या कितीतरी आधी. तो जनावरांवरनं तिच्यावर करवादला होता, तेव्हाही हे इथं लिहिलेलंच होतं.

क्लार्क पेन धरून वाट बघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, अहो आटपा. बिभीषणला या खेपेला पहिल्याच वाचण्यात सगळं कळलं होतं, विचारण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. तरी तो खिडकीला आणखी जवळ सरकला.

“परत एकदा वाचा,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं.”